जुन्या टायरमध्ये भाजीपाला लावण्यापूर्वी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

टायर जमिनीवर आडवा ठेवला, मधल्या पोकळीत माती भरली की दहा मिनिटांत वाफा तयार होतो. तो कुजत नाही, फुटत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि बहुतेक वेळा तो फुकट मिळतो. या सोयीमुळेच अनेक जण टायर कशाचा बनलेला आहे हे न पाहता त्यात थेट टोमॅटो लावतात. फुलझाडे लावायची असतील तर त्यात फारसे काही बिघडत नाही. मात्र त्या मातीतून आलेली वस्तू ताटात जाणार असेल, तर लागवडीआधी काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. माझे मत आधीच सांगतो: ज्यांच्याकडे मातीची कुंडी, विटांचा वाफा किंवा खाद्यपदार्थांसाठी बनवलेला प्लास्टिकचा पिंप यांपैकी काही उपलब्ध आहे, त्यांनी भाजी त्यात लावावी आणि टायर फुलांसाठी ठेवावा. ज्यांच्याकडे टायरखेरीज दुसरे साधन नाही, त्यांना धोका बऱ्यापैकी कमी कसा करता येईल, हे पुढे क्रमाने दिले आहे.

टायरमध्ये नेमके काय असते

टायर म्हणजे निव्वळ रबर, हा समज चुकीचा आहे. त्यात झाडापासून मिळणारे नैसर्गिक रबर आणि कारखान्यात बनणारे कृत्रिम रबर यांचे मिश्रण असते. त्याला काळा रंग आणि मजबुती देण्यासाठी मोठ्या प्रमाणावर बारीक काजळी मिसळलेली असते. शिवाय पोलादाच्या तारा, नायलॉन किंवा पॉलिएस्टरचे धागे, गंधक, झिंक ऑक्साइड, मऊपणासाठी घातलेली तेले आणि रबर लवकर तडकू नये म्हणून वापरलेली संरक्षक रसायने असतात. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर तयार करण्याची प्रक्रिया शोधली. आजचे टायर मुळात त्याच प्रक्रियेतून जातात आणि ती वेगाने व्हावी म्हणून झिंक ऑक्साइड लागते. भाजीच्या दृष्टीने या यादीतील तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते.

पहिली गोष्ट म्हणजे झिंक, म्हणजेच जस्त. टायरच्या वजनात त्याचा वाटा साधारण एक ते दोन टक्के असतो, म्हणजे आठ किलोच्या मोटारीच्या टायरमध्ये सुमारे ८० ते १६० ग्रॅम. त्यातले बहुतेक जस्त रबरात घट्ट अडकलेले असते आणि फार हळू बाहेर येते, पण माती आम्लधर्मी असेल तर हा वेग वाढतो. जस्त माणसाला आणि झाडालाही थोड्या प्रमाणात आवश्यक असते. ते अति झाले तर बहुधा आधी झाडच आजारी पडते, म्हणजे जस्ताच्या बाबतीत झाड एक प्रकारे पहारेकऱ्याचे काम करते. कॅडमियम या विषारी धातूचे तसे नाही. झिंक ऑक्साइडमध्ये अशुद्धी म्हणून कॅडमियम अगदी अल्प प्रमाणात येऊ शकते, आणि झाड बाहेरून हिरवेगार दिसत असतानाही ते पानांत साठू शकते. म्हणून झाडाच्या तब्येतीवरून सगळे आलबेल आहे असा निष्कर्ष काढू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे तेलांमधून येणारी पीएएच नावाची संयुगे. बेंझोपायरीन हे त्यांपैकी एक असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत केली आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१० पासून टायरसाठी वापरल्या जाणाऱ्या तेलांतील या संयुगांवर मर्यादा घातली. ही संयुगे पाण्यात फारशी विरघळत नाहीत. ती मातीच्या कणांना आणि सेंद्रिय पदार्थांना चिकटून राहतात, त्यामुळे मुळांतून फळापर्यंत त्यांचा प्रवास अत्यल्प असतो. परंतु मातीच्या थेट संपर्कात वाढणाऱ्या गाजरासारख्या मुळाच्या सालीवर ती राहू शकतात, आणि मातीचे शिंतोडे उडालेल्या पालेभाजीवरही.

तिसऱ्या गोष्टीची ओळख सगळ्यांत अलीकडची आहे. रबराला ओझोनपासून वाचवण्यासाठी सहापीपीडी (6PPD) नावाचे रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्यापासून सहापीपीडी-क्विनोन तयार होते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ओढ्यांमध्ये पावसानंतर कोहो सॅमन मासे मरत असत; त्यामागे हेच संयुग असल्याचे संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. त्यानंतर व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी मातीऐवजी पोषक द्रावणात लेट्यूस वाढवून पाहिले, तेव्हा टायरमधून येणारी अशी काही संयुगे मुळांतून पानांपर्यंत पोहोचत असल्याचे दिसले. हा प्रयोग द्रावणातला होता. मातीत बराचसा भाग कणांना चिकटून राहतो, म्हणून त्याचा अर्थ टायरमधली प्रत्येक पालेभाजी विषारी असा होत नाही. पण ही संयुगे झाडात मुळीच शिरत नाहीत, असेही आता म्हणता येत नाही.

या सगळ्याला एक बाब लागू आहे. अखंड टायर आणि टायरचा भुगा यांत फार मोठा फरक आहे. अखंड टायरचा मातीला लागणारा पृष्ठभाग मर्यादित असतो. तेच रबर बारीक केले तर पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो आणि त्यातून द्रव्ये तितक्याच वेगाने बाहेर येतात. रबराचा भुगा कुंडीतल्या मिश्रणात मिसळून केलेल्या प्रयोगांत झाडांना अतिरिक्त जस्ताची बाधा झाल्याचे आढळले आहे. म्हणून रबराचे तुकडे भाजीच्या वाफ्यात आच्छादन म्हणून कधीही टाकू नयेत, कितीही आकर्षक दिसत असले तरी.

पहिली पायरी: टायर निवडणे

टायरच्या बाजूवर छापलेली अक्षरे वाचायला शिकावे. तिथे एका सांकेतिक ओळीच्या शेवटी बहुधा चार आकडे असतात. त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. २३१४ असे लिहिले असेल तर तो टायर २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. तीनच आकडे असतील तर तो २००० च्या आधीचा समजावा आणि भाजीसाठी तो बाजूला ठेवावा. जितका नवा तितका चांगला असा सरळ हिशेबही इथे चालत नाही, कारण पाण्याशी संबंध आल्यावर टायरमधून सुरुवातीला अधिक द्रव्ये झिरपतात आणि हळूहळू ते प्रमाण घटते. दुसऱ्या बाजूला, फार जुना आणि उन्हाने तडकलेला टायर भुगा सोडू लागतो. म्हणून २०१० नंतरचा, वापरलेला, पण भेगा नसलेला टायर हा मधला मार्ग. बोटाने जोरात घासल्यावर बोट काळे होत असेल, नखाने कण निघत असतील, तारा उघड्या पडल्या असतील किंवा तेलाचा वास येत असेल, तर तो टायर घेऊ नये.

आकार समजण्यासाठी बाजूवरची दुसरी संख्या उपयोगी पडते. १९५/६५ आर १५ असे लिहिलेले असेल, तर टायरची रुंदी १९५ मिलिमीटर आहे, बाजूची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के म्हणजे सुमारे १२७ मिलिमीटर आहे आणि आतल्या चकतीचा व्यास १५ इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर आहे. टायर आडवा ठेवल्यावर हा वाफा साधारण ६३ सेंटिमीटर व्यासाचा आणि २० सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी खोल होतो. त्यात अंदाजे ५० लिटर माती बसते आणि ती भिजल्यावर टायरसह वजन सहज पन्नास-साठ किलोंच्या पुढे जाते. गच्चीवर किंवा सज्जात ठेवण्याचा विचार असेल, तर रसायनांच्या आधी या वजनाचा विचार करावा.

दुसरी पायरी: धुणे आणि कापणे

रस्त्यावर फिरलेल्या टायरला रबराखेरीज बरेच काही चिकटलेले असते: ब्रेकची धूळ, इंजिनाचे तेल, डांबराचे कण. रबरी हातमोजे घालून साबणाचे पाणी आणि ताठ ब्रश यांनी टायर आतून-बाहेरून दोनदा घासावा. हे पाणी बागेत किंवा नैसर्गिक ओढ्या-नाल्यात न सोडता सांडपाण्याच्या गटारात सोडावे. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनरने टायर पुसू नये. ही द्रावणे रबरात मुरतात आणि आतली तेले सैल करतात. उघड्यावर पडून राहिलेल्या टायरच्या आतल्या बाजूस एडिस डासांची अंडी चिकटलेली असू शकतात आणि ती कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात. त्यामुळे आतली घळ खरडून काढण्याचा कंटाळा करू नये.

वरची बाजू कापून टाकली की तोंड मोठे होते, माती नीट भरता येते आणि झाडाला मध्यभागी जागा मिळते. कडेच्या जाड कड्यात पोलादी तारा असतात, ते कडे कापण्याच्या भानगडीत पडू नये. बाजूच्या मऊ भागावर, कड्यापासून दोन-तीन बोटे अंतर सोडून, धारदार चाकूने किंवा जिगसॉने गोल फिरवत कापावे. पात्याला साबणाचे पाणी लावत राहिल्यास ते अडकत नाही. वेगाने फिरणाऱ्या ग्राइंडरच्या चकतीने कापू नये: रबर तापून धूर निघतो, बारीक धूळ उडते आणि आपण जे टाळायला निघालो तेच नाकावाटे आत घेतो. जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि नाकातोंडावर मास्क असल्याशिवाय हे काम करू नये. एखादी तार बाहेर आलीच तर ती पक्कडीने वळवून आत दाबावी किंवा तो टायर बाद करावा. गंजलेली तार हातात घुसली तर धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. आणि तारा काढण्यासाठी किंवा तुकडे संपवण्यासाठी टायर जाळण्याचा विचारही करू नये. जळत्या टायरचा धूर घातक असतो आणि मागे राहणारी राख व तेलकट द्रव माती खराब करतात.

तिसरी पायरी: निचरा

नवख्यांच्या हातून सर्वाधिक चूक इथे होते. खालची बाजू न कापता टायर ठेवला तर तिच्या वाकलेल्या घळीत पाणी साचते, मुळे कुजतात आणि सतत ओल्या राहणाऱ्या त्या कोपऱ्यात रबर व पाणी यांचा संपर्क सगळ्यांत जास्त काळ टिकतो. खालची बाजूही कापून टाकणे उत्तम, म्हणजे मुळे थेट जमिनीत उतरतात. फरशीवर ठेवायचे असेल तर खालच्या घळीच्या सर्वांत खोल भागात साधारण १२ मिलिमीटरची सहा ते आठ भोके पाडावीत आणि टायर विटांवर किंचित उचलून ठेवावा. उष्ण हवेत डासांना अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे थोडेसे साचलेले पाणीही दुर्लक्ष करण्याजोगे नसते. जुन्या टायरांच्या मालवाहतुकीतूनच आशियाई टायगर डास अनेक देशांत पोहोचला आणि १९८५ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे त्याचा प्रसार आढळला. भाजीतल्या रसायनांची चर्चा करताना टायरचा हा जुना आणि पुरता सिद्ध झालेला धोका बहुतेक जण विसरतात.

चौथी पायरी: अस्तर

माती आणि रबर यांच्यामध्ये एक थर घातला की थेट संपर्क बराच कमी होतो. यासाठी पॉलिथिलीनची जाड शीट घ्यावी. पीव्हीसीची शीट घेऊ नये, कारण तिला मऊ करण्यासाठी घातलेली रसायने तिच्यातूनही झिरपतात आणि मग आगीतून फुफाट्यात अशी गत होते. शीट टायरच्या आतल्या भिंतीवर पूर्ण फिरवून वर कडेपर्यंत आणावी आणि तळाशी, टायरच्या भोकांच्या नेमक्या वर, तिलाही भोके पाडावीत. तळ नसलेल्या टायरमध्ये शीट फक्त बाजूंना लावावी. अस्तर म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. तेलकट स्वरूपाची काही द्रव्ये पातळ प्लास्टिकमधून कालांतराने आरपार जातात, आणि ऊन लागून शीट दोन-तीन वर्षांत ठिसूळ होऊ शकते. वर्षातून एकदा कडेची माती उकरून ती पाहावी. याहून चांगला उपाय असा की टायरच्या आत मावेल अशी स्वतंत्र कुंडी किंवा जाड कापडी पिशवी ठेवून भाजी तिच्यात लावावी. टायर मग केवळ बाहेरचा सांगाडा राहतो.

पाचवी पायरी: माती आणि तिचा सामू

सामू म्हणजे मातीची आम्लता किंवा अल्कता मोजण्याचे प्रमाण. त्यात ७ म्हणजे उदासीन, त्याहून कमी म्हणजे आम्लधर्मी. टायरमधल्या मातीचा सामू ६.५ ते ७ च्या आसपास राखावा. तो ६ च्या खाली गेला तर जस्त आणि कॅडमियम दोन्ही अधिक विरघळतात व मुळांना सहज मिळतात. माती आम्लधर्मी असेल तर थोडी चुनखडीची पूड मिसळावी. अमोनियम सल्फेटसारखी, वारंवार वापरल्यास आम्लता वाढवणारी खते टाळावीत. चांगले कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत एकूण मिश्रणाच्या चौथा ते तिसरा हिस्सा घालावे, कारण सेंद्रिय पदार्थ धातू आणि पीएएच दोन्ही धरून ठेवतात. थोडी चिकणमातीही हेच काम करते, म्हणून निव्वळ वाळू व कोकोपीट यांचे हलके मिश्रण इथे कमी उपयोगाचे.

ओला कचरा मात्र टायरमध्ये कुजवू नये. कुजताना सुरुवातीला सेंद्रिय आम्ले तयार होतात आणि उष्णताही वाढते, आणि या दोन्ही गोष्टी रबरातून द्रव्ये बाहेर पडण्यास मदत करतात. कंपोस्ट दुसरीकडे करून, पूर्ण तयार झाल्यावरच टायरमध्ये आणावे. याच कारणाने टायरमध्ये झाडांसाठी पाणी साठवणे किंवा मातीविना पोषक द्रावणात भाजी वाढवणे हे प्रकार पूर्णपणे वर्ज्य समजावेत.

सहावी पायरी: काय लावावे आणि काय लावू नये

इथे थोडी शिस्त पाळली तर बाकीच्या उणिवा बऱ्याच भरून निघतात. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी, काकडी यांसारख्या फळभाज्या आणि शेंगवर्गीय वेली सर्वांत सुरक्षित, कारण मुळांपासून फळापर्यंत या द्रव्यांचा प्रवास कमीत कमी होतो आणि फळे मातीपासून वर असतात. पालक, लेट्यूस, कोथिंबीर यांसारख्या पालेभाज्या मी टायरमध्ये लावत नाही: कॅडमियम पानांत साठते, द्रावणातल्या प्रयोगात संयुगे पानांतच सापडली आणि पावसाचे शिंतोडेही पानांवरच बसतात. गाजर, मुळा, बीट यांना टायरपासून पूर्ण दूर ठेवावे.

टायरवर टायर रचत त्यात बटाटा वाढवण्याची पद्धत बरीच लोकप्रिय आहे. माती चढवत जायची आणि शेवटी मनोरा उलगडून बटाटे गोळा करायचे, ही कल्पना निश्चितच चतुर आहे. परंतु तिथे खाण्याचा भाग मातीत, रबराच्या अगदी जवळ वाढतो आणि काळ्या मनोऱ्यातली माती उन्हात इतकी तापते की बटाटा नीट धरत नाही. ही पद्धत टाळावी.

रोप नेहमी टायरच्या मध्यभागी लावावे. मुळे शेवटी कडेपर्यंत जाणारच, पण त्यांचा बराचसा पसारा तरी मधल्या मातीत राहतो.

सातवी पायरी: ऊन, रंग आणि देखभाल

काळे रबर उष्णता शोषते. कडक उन्हात टायरच्या भिंतीला लागलेली माती इतकी तापते की तिथली बारीक मुळे करपतात आणि पाणी दिवसातून दोनदा द्यावे लागते. उष्णता आणि अतिनील किरणे रबराची झीजही वाढवतात. म्हणून टायरची बाहेरची बाजू पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या किंवा फिकट ॲक्रिलिक रंगाने रंगवावी. दोन थर द्यावेत आणि रंग पूर्ण वाळल्यावरच माती भरावी. आतल्या बाजूला रंग लावू नये आणि घरात पडून असलेला फार जुना तैलरंग वापरू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. मातीवर वाळलेल्या गवताचे किंवा पाल्याचे आच्छादन घालावे, त्यामुळे शिंतोडे उडत नाहीत आणि ओलही टिकते.

झाडाकडे पाहताना कोवळ्या पानांवर लक्ष ठेवावे. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी नवी पाने येऊ लागली व वाढ खुंटली, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते आणि अति जस्तामुळेही तसेच दिसते. अशा वेळी खत वाढवण्यापूर्वी सामू तपासावा. शक्य असेल तर दर एक-दोन वर्षांनी कडेजवळची माती प्रयोगशाळेत देऊन जस्त, कॅडमियम आणि शिसे यांची तपासणी करून घ्यावी. नमुना मध्यभागातून नव्हे, तर भिंतीलगतच्या पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यातून घ्यावा, कारण बदल आधी तिथे दिसतो. काढलेली भाजी वाहत्या पाण्यात धुवावी. लहान मुले किंवा गर्भवती स्त्रिया रोज खाणार असतील अशी भाजी मी टायरमध्ये लावणार नाही. हा निष्कर्ष एखाद्या मोजमापावर आधारलेला नाही, ती केवळ खबरदारी आहे.

टायर निकामी झाल्यावर

रबराला खोल भेगा पडल्या, कडेने काळी भुकटी गळू लागली किंवा तारा दिसू लागल्या की टायरचा वाफा म्हणून उपयोग संपला. तो दुरुस्त करू नये किंवा बागेच्या कोपऱ्यात ढकलून देऊ नये. टायरचे पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे तो द्यावा आणि नेईपर्यंत पाणी साचू नये म्हणून झाकून ठेवावा. त्यातली भिंतीलगतची माती वेगळी काढून फुलझाडांच्या किंवा कुंपणाच्या झुडपांच्या बुडाशी घालावी. मधली माती तपासणीत ठीक आढळली, तरच ती नव्या भाजीच्या वाफ्यात वापरावी.